जॅकवरची गाडी आणि तिच्याखालचा माणूस

नाशिक जिल्ह्यातून कांदा, टोमॅटो आणि भाजीपाला भरून जे पिकअप रोज दिवेलागणीनंतर कसारा घाटाच्या रोखाने निघतात, आणि उजाडण्याच्या आत वाशीच्या बाजारसमितीच्या फाटकात पोहोचण्याचा ज्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता आहे, त्यांच्यापैकी एखाद्याचा टायर वाटेत बसला म्हणजे पुढे काय घडते, हे या रस्त्याने रात्री प्रवास केलेल्या कोणालाही सांगावयास नको. चालक गाडी कडेला घेतो, आसनाखालून जॅक आणि पाना काढतो, जवळचा एखादा दगड उचलून चाकाशी टाकतो, मोबाइलचा दिवा दातांत किंवा खांद्यावर धरतो आणि भरल्या गाडीखाली कमरेपर्यंत आत शिरतो. शेजारून अवजड ट्रक वेगाने जात असतात. त्यांच्या वाऱ्याने उभी गाडी जराशी हलते. आणि ज्या लोखंडी नळकांड्यावर ती त्या क्षणी तोललेली असते, ते नळकांडे त्या माणसाच्या डोक्यापासून हातभर अंतरावर असते.

हा प्रसंग इतका नित्याचा झाला आहे की, त्यात काही गैर आहे असे पाहणाऱ्याला वाटत नाही, आणि करणाऱ्याला तर मुळीच वाटत नाही. म्हणूनच त्याविषयी स्पष्टपणे लिहिण्याची आवश्यकता आहे. जॅक हे साधन वजन उचलण्यासाठी निर्माण झाले. उचललेले वजन धरून ठेवण्याची हमी त्याने कधीच दिलेली नाही. ज्या गाडीला केवळ जॅकचा आधार आहे, तिच्याखाली माणसाने शरीराचा कोणताही भाग नेता कामा नये, आणि ज्या व्यवसायात हे रोज करावे लागते, त्या व्यवसायाने जॅकच्या जोडीला दुसरा, न खचणारा आधार गाडीतच बाळगण्याची तजवीज केली पाहिजे. माझे म्हणणे एवढेच आहे. परंतु ते पटावयाचे तर या कामाच्या तपशिलात थोडे खोल शिरावे लागेल.

पूर्वी मालवाहतूक मोठ्या ट्रकांवर चालत असे, आणि प्रत्येक ट्रकवर चालकाबरोबर क्लिनर असे. चाकापुढे लाकडी ठोकळा टाकणे, जॅक लावताना चालकाला बाजूने डोळा देणे, मागून येणाऱ्या गाड्यांना हात करणे ही त्याची कामे होती, आणि ती करता करताच तो पुढे चालक होत असे. या व्यवसायाचे शिक्षण असे, हाताखाली राहून, मिळत आले. बोलेरोसारखे पिकअप आणि २००५ साली बाजारात आलेली टाटांची ‘एस’, जिला लोक छोटा हत्ती म्हणतात, या वाहनांनी खेड्यापाड्यातील शेतकऱ्याच्या दारापर्यंत वाहतूक नेली आणि असंख्य तरुणांना स्वतःच्या मालकीचा धंदा दिला, हे त्यांचे उपकार नाकारण्याचे कारण नाही. परंतु या गाड्यांवर चालक बहुधा एकटा असतो. क्लिनर गेला, आणि त्याच्याबरोबर ठोकळा गेला, दुसरी नजर गेली, आणि शिकण्याची परंपराही गेली. आजचा पिकअपचालक चाक बदलणे शिकतो ते दुसऱ्या एखाद्या चालकाला घाईत बदलताना पाहून, आणि त्याने ज्या गोष्टी गाळल्या त्या गाळावयाच्याच असतात असे समजून.

मालवाहू पिकअपबरोबर पुष्कळदा जो बुटका, बाटलीच्या आकाराचा जॅक असतो, त्याचे तत्त्व जुने आहे. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व बाजूंना सारखाच पोहोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकात सांगितले. त्या तत्त्वावर चालणाऱ्या हायड्रॉलिक जॅकचे पेटंट न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजन यांनी १८५१ साली घेतले. दांडी वरखाली केली की बारीक दट्ट्याने थोडे थोडे तेल मोठ्या नळकांड्यात ढकलले जाते, आणि हाताच्या अल्प बळाने एक टन वजन उचलले जाते. मानवी बुद्धीची ही मोठीच करामत आहे. परंतु ते सारे वजन तेलाच्या एका स्तंभावर आणि त्या तेलाला अडवून धरणाऱ्या रबरी सीलवर उभे असते. सील झिजले, त्यात वाळूचा कण गेला, किंवा झडप नीट बसली नाही, तर तेल मागे फिरते आणि गाडी खाली येते; कधी मुंगीच्या पावलांनी येते, कधी एकदम येते. कोणत्या वेळी कशी येईल हे बाहेरून पाहून सांगता येत नाही. स्क्रूचा जॅक या दोषापासून मुक्त आहे, कारण त्याचे आटे वजनाखाली आपोआप उलटे फिरत नाहीत. परंतु उभ्या वजनाखेरीज बाजूने येणारा जोर सोसण्याची शक्ती दोघांतही फारशी नाही. गाडी वीतभर पुढे सरकली की जॅक कलंडतो, आणि बाजूने येणारा जोर तर या कामात पावलोपावली असतो: घट्ट नटवर पाय देऊन हिसका मारला तरी तो येतो, चाक ओढून काढताना येतो, शेजारून ट्रक गेला तरी येतो.

आता जमिनीचा विचार करू. माल भरलेल्या पिकअपचे एकूण वजन तीन टनांच्या आसपास भरते आणि त्याचा मोठा हिस्सा मागच्या चाकांवर असतो, म्हणजे एका मागच्या चाकाखाली ढोबळमानाने टनभर वजन येते. जॅकचा तळ सुमारे दहा सेंटिमीटर लांब आणि तितकाच रुंद धरला, तर जमिनीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दहा किलोंचा भार पडतो. डांबराच्या बाजूचा मुरूम इतका भार सहसा सोसत नाही, आणि विदर्भात वैशाखात जेव्हा पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा खुद्द डांबरही मऊ होऊन जॅकला आत घेते. जॅकखाली तीस सेंटिमीटर लांब-रुंद आणि दोन-तीन बोटे जाडीची सागवानी किंवा बाभळीची फळी ठेवली, तर तोच भार चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या थोडा वर उतरतो. एका फळीने भार नऊपट विभागला जातो, आणि तरीही फळी घेऊन फिरणारा पिकअप मला क्वचितच आढळला आहे. पावसाळ्यात भिजलेली काळी माती मात्र फळीखालचा भारही पेलत नाही. तेथे जॅक लावण्याचा हट्ट धरू नये. गाडी हळूहळू कठीण जमिनीवर नेणे हाच मार्ग आहे, मग त्यात टायर फाटला तरी चालेल. टायर वाचवण्यासाठी चिखलात जॅक लावणारा मनुष्य काय पणाला लावतो आहे याची त्याला कल्पना नसते.

आपल्या रस्त्यांना पाणी वाहून जाण्यासाठी मध्यावरून कडेकडे उतार दिलेला असतो, आणि आपण डावीकडून चालत असल्यामुळे कडेला उभी केलेली गाडी मुळातच डावीकडे झुकलेली असते. डावे चाक उचलले तर गाडी सपाटीकडे येते. उजवे उचलले तर तिचा कल आणखी वाढतो, वर रचलेल्या गोण्यांचे वजन डावीकडे ढळते, आणि काम करणारा मनुष्य वाहत्या रस्त्याच्या बाजूला बसलेला असतो. उजवीकडचा टायर बसणे हा म्हणून दुप्पट जोखमीचा प्रसंग आहे. अशा वेळी पहिला विचार चाक बदलण्याचा नसावा, तर पुढच्या पेट्रोलपंपाच्या किंवा ढाब्याच्या सपाट आवारापर्यंत सरपटत जाण्याचा असावा. तेही शक्य नसेल तर राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते, आणि ती मागण्यात कोणत्याही चालकाला कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

गाडी जागची हलू नये यासाठी हँडब्रेक ओढला आणि गिअर टाकला म्हणजे पुरे, अशी सार्वत्रिक समजूत आहे. मागचे चाक उचलताना ती अपुरी पडते, आणि ती का अपुरी पडते हे चालकाला कोणी समजावून सांगत नाही. इंजिनाची शक्ती मागच्या दोन चाकांत वाटून देणारे जे डिफरन्शियल असते, त्याच्यामुळे एक चाक उलट फिरत असेल तर दुसऱ्याला सुलट फिरण्याची मुभा मिळते. म्हणजे गाडी गिअरमध्ये असली आणि इंजिनाकडून डिफरन्शियलकडे जाणारा मधला दांडा पक्का जखडलेला असला, तरी एक मागचे चाक हवेत गेले की ते उलट फिरते आणि जमिनीवरचे चाक खुशाल पुढे जाऊ शकते. हँडब्रेक दोन्ही मागच्या चाकांच्या ड्रमवर चालत असेल, तर जमिनीवरच्या एका चाकापुरता त्याचा अर्धा आधार तरी उरतो, तोही तार ढिली झालेली नसेल तर. जुन्या विलिस जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून त्या मधल्या दांड्यावरच होता. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत महिंद्रांनी ज्या जीप जोडावयास आरंभ केला त्या याच घराण्यातल्या. तशा गाडीचे मागचे चाक उचलताच गिअर आणि हँडब्रेक हे दोन्ही आधार एकदम निकामी होतात. तेव्हा उपाय एकच राहतो: जी चाके जमिनीवर राहणार आहेत त्यांना, विशेषतः उचलावयाच्या चाकाच्या तिरप्या समोरच्या चाकाला, पुढून आणि मागून असे दोन्हीकडून लाकडी ठोकळे चेपून बसवणे. रस्त्यावर सापडलेला गोल दगड हा ठोकळा नव्हे. तो स्वतःच गडगडतो, आणि काम आटोपल्यावर तसाच रस्त्यात टाकून गेले तर मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचा घात करतो. आणि घाटातल्या उतारावर तर ठोकळे असले तरी गाडी उचलू नये.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे, आणि अपघातांचे मूळ बहुधा तो क्रम उलटा होण्यात असते. अनेक पिकअपमध्ये स्टेपनी हौद्याच्या खाली साखळीला टांगलेली असते. गाडी जॅकवर चढवल्यानंतर स्टेपनीची आठवण होते, आणि मग ती सोडवण्यासाठी माणूस तोललेल्या गाडीखाली झोपतो. स्टेपनी आधी काढावी, तिच्यात हवा आहे की नाही ते आधीच पाहावे, आणि मगच जॅकला हात लावावा. नटही चाक जमिनीवर असतानाच प्रत्येकी अर्धा फेरा सैल करून घ्यावेत, कारण तेव्हा जमीनच चाकाला फिरू देत नाही आणि पान्यावरचा सारा हिसका जमिनीत जातो. हवेतल्या चाकावर तोच हिसका जॅकला आडवा बसतो. जुन्या काही जीप आणि ट्रकांच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात, तेव्हा न हलणाऱ्या नटवर शक्ती खर्चण्यापूर्वी दिशा तपासून पाहावी. हौद्यात किंवा केबिनमध्ये माणसे असतील तर ती खाली उतरवून रस्त्यापासून दूर उभी करावीत. शेतमजुरांना वाहून नेणाऱ्या गाड्यांत झोपलेल्या बायकामुलांना तसेच ठेवून गाडी उचलली जाते, आणि ही गोष्ट पाहून मला नेहमी अतिशय अस्वस्थ वाटते.

जॅक कोठे लावावा याचे उत्तर गाडीबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत असते, आणि ती पुस्तिका न वाचताच बाजूला पडते. मागे कमानपाट्यांची रचना असेल तर चाकाच्या जवळ, पाटा आसावर जेथे बसतो त्याच्या खाली जॅक लावणे सामान्यतः योग्य असते. डिफरन्शियलच्या गोल पोटाखाली लावू नये, तेथून तो निसटतो. आसाखाली जॅक लावल्याचा दुसरा लाभ असा की चाक लगेच जमीन सोडते. चौकटीखाली लावला, तर आधी दबलेले पाटे मोकळे होईपर्यंत गाडी उगाच वर न्यावी लागते, आणि जितकी उंची अधिक तितका तोल कमी. पुढच्या बाजूची रचना निरनिराळ्या गाड्यांत निरनिराळी असते. तेथे अंदाजाने काही करू नये.

आणि आता मुख्य गोष्ट. गॅरेजवाले जिला घोडी म्हणतात, ती तीन किंवा चार पायांची, उंची बदलता येणारी लोखंडी बैठक ही जॅकची खरी सोबतीण आहे. जॅकने गाडी उचलावी, लगेच चौकटीच्या किंवा आसाच्या भक्कम भागाखाली घोडी सारावी, आणि जॅक थोडा उतरवून वजन तिच्यावर सोपवावे. तिच्यात तेल नाही, सील नाही, झडप नाही. खिट्टी बसली की ती बसली. कोणत्याही नीट चालणाऱ्या गॅरेजात गाडीखाली जाण्यापूर्वी घोडी लावतात, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम घेणाऱ्या मुलालाही हाच पाठ आरंभी देतात. मग जेथे जमीन पक्की, प्रकाश भरपूर आणि माणसे हाताशी असतात तेथे जी खबरदारी अपरिहार्य ठरते, तीच अंधाऱ्या, उतरत्या, वर्दळीच्या रस्त्यावर एकट्या माणसाला अनावश्यक कशी ठरते, याचे उत्तर कोणीतरी दिले पाहिजे. घोडीच्या जागी विटा किंवा पोकळ सिमेंटचे ठोकळे रचण्याची प्रथा तर सर्वस्वी त्याज्य आहे. ते वाकण्याची सूचना न देता एकदम फुटतात. घोडी नसेलच तर निदान आधी स्टेपनी, आणि चाक निघाल्यावर त्या स्टेपनीच्या जागी निघालेले चाक, असे काहीतरी सतत चौकटीखाली आडवे सारून ठेवावे, म्हणजे जॅक खचलाच तर गाडी त्याच्यावर विसावेल. हा उपाय घोडीची बरोबरी करू शकत नाही, परंतु त्याला पैसा लागत नाही आणि वेळही फारसा लागत नाही.

मागून येणाऱ्या वाहनांविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने येणारा ट्रक एका सेकंदात बावीस मीटर कापतो. चालकाच्या ध्यानात येऊन त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला तर तेहेतीस मीटर गेले, आणि त्यानंतर कोरड्या रस्त्यावर थांबावयास आणखी पन्नासएक मीटर लागतात. याचा अर्थ लाल त्रिकोण गाडीच्या मागच्या फळीला टेकवून ठेवणे व्यर्थ आहे. तो निदान शंभर पावलांवर हवा, आणि घाटात वळण असेल तर वळणाच्या अलीकडे हवा. झाडाच्या फांद्या आणि दगडांची रास मांडण्याच्या आपल्या जुन्या रिवाजाचा हेतू चांगला असला, तरी रात्रीच्या अंधारात त्या गोष्टी प्रकाश परतवीत नाहीत.

यावर मालकवर्गाकडून असे सांगण्यात येईल की, चालकाला हे सर्व करावयास वेळ कोठे आहे. बाजार पहाटे भरतो, आणि उशिरा पोहोचलेल्या टोमॅटोला भाव मिळत नाही. ही अडचण खोटी नाही. शेतकऱ्याचे नुकसान होते, आणि त्या नुकसानीचा ठपका चालकावरच येतो. परंतु फळी, दोन ठोकळे आणि घोडी गाडीत असेल, तर त्यांच्यामुळे वाढणारा वेळ चहा पिण्यास लागतो त्याहून अधिक नसतो. वेळ जातो तो साधन नसल्यामुळे, दगड शोधण्यात आणि खचलेला जॅक पुन्हा पुन्हा उभा करण्यात. आणि या साऱ्या सामानाची एकत्रित किंमत एका नव्या टायरच्या किमतीहून कमी भरते. लाखो रुपये कर्ज काढून गाडी घेणाऱ्याला हा खर्च जड नाही. तो करावयाचा असतो हे त्याला विक्रीच्या वेळी कोणी सांगत नाही, एवढेच.

सरकारच्या अखत्यारीत यातले बरेच काही येते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत विक्रीच्या वेळी वाहनाबरोबर हत्यारांचा संच, इशाऱ्याचा त्रिकोण आणि प्रथमोपचाराची पेटी देण्याची तरतूद आहे. २०२० साली याच नियमांत दुरुस्ती होऊन, साडेतीन टनांपर्यंतच्या ज्या वाहनांत टायरच्या दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असेल, त्यांना जादा चाकाच्या सक्तीतून सूट देण्यात आली. म्हणजे चाक आणि हत्यारे या बाबी इतक्या क्षुल्लक नाहीत की राज्यकर्त्यांनी त्यांत लक्ष घालू नये. मग मालवाहू वाहनाच्या संचात दोन ठोकळे आणि एक घोडी यांचा समावेश करणारी दुरुस्ती अशक्य का असावी? मालवाहू वाहनाला ठराविक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्या तपासणीत दिवे आणि ब्रेक पाहणाऱ्या निरीक्षकाने जॅक गळतो की काय आणि घोडी जागेवर आहे की नाही, हेही पाहावे. परवान्याच्या चाचणीत उमेदवाराला गाडी मागे घेऊन दाखवावी लागते. व्यवसाय म्हणून माल वाहणाऱ्याला चाकही बदलून दाखवावे लागले, तर त्यात अन्याय काही नाही.

दिल्लीच्या नियमदुरुस्तीची वाट न पाहता करता येण्याजोगेही काही आहे, आणि मला त्याचीच अधिक आशा वाटते. लासलगाव, पिंपळगाव, नारायणगाव येथील बाजारसमित्यांच्या आवारांत हंगामात शेकडो पिकअप मालाच्या लिलावासाठी तासन्‌तास उभे असतात आणि चालक सावली शोधून बसलेले असतात. त्या मोकळ्या वेळात, त्याच आवारात, जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या एखाद्या निदेशकाने एक भरलेली गाडी घोडीवर घेऊन दाखवली, नट समोरासमोरच्या क्रमाने कसे आवळावेत, गाडी खाली उतरल्यावर ते पुन्हा का आवळावेत आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर थांबून एकदा का तपासावेत हे हातात पाना देऊन करवून घेतले, तर क्लिनर गेल्यापासून खंडित झालेले शिक्षण काही अंशी तरी पुन्हा सुरू होईल. समित्यांनी आपल्या फाटकाशी फळ्या, ठोकळे आणि घोड्या यांचा साठा ठेवून ते सामान मूळ किमतीला विकावे. माल भरून बाहेर पडणाऱ्या गाडीची काट्यावर जी नोंद होते, तिच्याबरोबरच हे सामान गाडीत असल्याचीही नोंद घेण्याचा ठराव संचालक मंडळाने केला, तर येत्या खरिपाच्या कांद्यापासून त्याची अंमलबजावणी सुरू होऊ शकते.